चित्रफलकावरील अनंत

गणित आणि चित्रकला यांच्या संबंधाविषयी लिहावयाचे ठरवले, की लेखणी सहजच सुवर्णगुणोत्तराकडे वळते. अथेन्सचे पार्थेनॉन, शंखाचे वेटोळे आणि मोना लिसाची मुद्रा यांच्यावर आयत व वक्र रेखून सर्वत्र तेच एक गुणोत्तर नांदत असल्याचे दाखविण्यात येते. मोजपट्टी लावून पाहता यांपैकी बहुतेक दावे टिकत नाहीत. आणि एखादा टिकलाच, तरी चित्रकाराला गणिताची वा गणितज्ञाला चित्राची निकड कोणत्या अडचणीतून भासली, हे त्यातून मुळीच उलगडत नाही. ज्या ठिकाणी ही निकड खरोखर भासली आणि जिचा पुरावा भिंतींवर, फळ्यांवर व छापील ग्रंथांत अद्याप शाबूत आहे, असे एक प्रकरण मात्र इतके समृद्ध आहे की, त्याची हकीकत सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुवर्णकार, वास्तुकार व चित्रकार अशा काही हुन्नरी माणसांनी, सपाट फळीवर अवकाशाची खोली यथातथ्य कशी उतरवावी, या आपल्या धंद्यातील प्रश्नाचा निकाल भूमितीच्या साहाय्याने लावला. आणि तो लावताना अनंत अंतरावरचे एक स्थान त्यांना फळीवर प्रत्यक्ष ठिपक्याच्या रूपाने मांडावे लागले. तो ठिपका दोनशे वर्षांनी गणितज्ञांच्या हाती पडला आणि त्यातून प्रक्षेपीय भूमिती या नावाची एक संपूर्ण शाखा उदयास आली.

दृष्टीचे शास्त्र त्या काळी नवे नव्हते. युक्लिडाने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास दृक्शास्त्रावर ग्रंथ रचून, डोळा हे शिखर आणि दृश्य पदार्थ हा तळ धरून किरणांचा शंकू कल्पिला होता. पदार्थ किती मोठा दिसेल हे त्या शंकूच्या कोनावर ठरते, असे त्याचे म्हणणे होते. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात कैरो येथे इब्न अल्-हैथम याने, किरण डोळ्यातून निघत नसून पदार्थाकडून डोळ्याकडे येतात, हे युक्तीने व प्रयोगाने मांडले, आणि त्याचा अरबी ग्रंथ इ. स. १२०० च्या सुमारास लॅटिन भाषेत उतरून युरोपच्या विद्यापीठांत अभ्यासला जाऊ लागला. पण विद्यापीठातील हे ज्ञान आणि चित्रकाराचा कारखाना यांच्यामध्ये मोठे अंतर होते. चित्रकार अंदाजाने काम करीत. चौदाव्या शतकाच्या आरंभी जॉत्तोने पादुआच्या भिंतींवर रंगविलेल्या घरांचे छत आणि भिंती आत आत जातात खऱ्या, परंतु त्यांच्या कडा वाढवून पाहिल्या तर त्या एका जागी मिळत नाहीत. सिएना येथील आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३४४ साली देवदूताच्या आगमनाचे जे चित्र काढले, त्यातील फरशीच्या आत जाणाऱ्या सर्व रेषा अचूक एका बिंदूत मिळतात; मात्र त्या फरशीच्या मागे खोली नाही, सोनेरी वर्खाची सपाट पार्श्वभूमी आहे. हाताला काहीतरी गवसले होते आणि त्याचे कारण अजून बुद्धीला उमगले नव्हते, अशा संधिकालातले ते चित्र आहे.

कारण प्रथम उमगले ते फिलिप्पो ब्रुनेलेस्की याला, असे मानण्यात येते. हा मूळचा सुवर्णकार. पुढे फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा प्रचंड घुमट उभारून त्याने आपले नाव अजरामर केले. घुमटाचे काम १४२० साली सुरू होण्याच्या आगेमागे त्याने एक प्रयोग केला, ज्याचे वर्णन त्याचा चरित्रकार आंतोन्यो मानेत्ती याने, ती फळी आपण स्वतः हाती धरून पाहिली आहे अशा ग्वाहीनिशी, नोंदवून ठेवले आहे. महामंदिराच्या मधल्या दरवाजाच्या आत सुमारे पावणेसहा फुटांवर उभे राहून समोरची अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची इमारत त्याने जेमतेम एक फूट चौरस फळीवर रंगविली. काळ्यापांढऱ्या संगमरवराचे पट्टे इतक्या बारकाईने उतरविले होते की, लघुचित्रकारानेही मान तुकवावी. आकाश मात्र त्याने रंगविले नाही. तेथे घासून लखलखीत केलेला चांदीचा पत्रा बसविला, जेणेकरून खरे ढग त्यात प्रतिबिंबित होऊन वाऱ्याबरोबर सरकताना दिसावेत. मग फळीच्या नेमक्या एका जागी त्याने भोक पाडले: रंगविलेल्या बाजूने मसुरीच्या दाण्याएवढे आणि मागच्या बाजूने नाण्याएवढे रुंद होत गेलेले. पाहणाऱ्याने फळीची पाठ डोळ्याशी लावून त्या भोकातून पाहावयाचे आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरावयाचा. आरशात फळीवरचे चित्र दिसे, आरसा बाजूला केला की खरी इमारत दिसे, आणि दोहोंत भेद करणे कठीण जाई.

या साऱ्या खटाटोपात खरी प्रतिभा आहे ती त्या भोकाची. ब्रुनेलेस्कीने त्या भोकाने पाहणाऱ्याचा डोळा जखडून टाकला: डोळा एकच, त्याची जागा एकच, आणि फळीपासूनचे त्याचे अंतरही ठरलेले. एवढे ठरले की दृश्यातील प्रत्येक बिंदूपासून त्या डोळ्याकडे एक आणि एकच सरळ रेषा जाते, ती फळीला एका आणि एकाच जागी छेदते, आणि म्हणून त्या बिंदूचे चित्र कोठे काढावयाचे, याबद्दल चित्रकाराला काही निवड उरत नाही. जे पूर्वी नजरेच्या अदमासावर चाले ते हिशेबाच्या अमलाखाली आले. ती फळी पुढे नाहीशी झाली. शासनगृहासमोरच्या चौकाचे त्याने काढलेले दुसरे चित्रही आज उपलब्ध नाही. परंतु त्याच शहरातील सांता मारिया नोव्हेल्ला या मंदिराच्या भिंतीवर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास मरण पावलेल्या मासाच्यो या चित्रकाराने १४२५ ते १४२८ च्या दरम्यान काढलेले त्रिमूर्तीचे भित्तिचित्र आजही पाहावयास मिळते. त्यातील कमानदार छताच्या चौकटी मागे मागे अशा काटेकोर प्रमाणात लहान होत जातात की, भिंतीला भोक पाडून पलीकडे दुसरे देवघर बांधले आहे असा भास व्हावा. आणि ओल्या गिलाव्यात आखणी करताना ओरखडलेल्या रेषा तेथे अद्याप दिसतात.

खोली दाखविण्याची ही रीत, म्हणजेच यथादर्शन, कारागिरांच्या हातात होती. ती ग्रंथात आणली लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने. त्याचा चित्रकलेवरील ग्रंथ १४३५ साली लॅटिनमध्ये सिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्याची इटालियन प्रत तयार करून ब्रुनेलेस्कीला अर्पण केली. चित्र म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या किरणांच्या मनोऱ्याला एका सपाट पृष्ठाने दिलेला छेद, ही त्याची व्याख्या; आणि त्या व्याख्येची कसोटी म्हणून त्याने निवडलेली वस्तू मोठी साधी होती: चौरस फरसबंदी.

या फरसबंदीचा हिशेब येथे करून पाहणे अगत्याचे आहे, कारण पुढची सर्व भूमिती तिच्याच पोटात आहे. पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून ६० इंचांवर आहे असे धरू. त्याच्यासमोर एक पारदर्शक पडदा उभा आहे, ज्याची खालची कड जमिनीला टेकलेली आहे; आणि पडद्याच्या पलीकडे फरशीच्या ओळी मागे मागे गेल्या आहेत. सोयीसाठी असे समजू की, डोळा पडद्यापासून जितका दूर, तितकीच प्रत्येक फरशीची लांबी आहे. आता पहिल्या फरशीच्या मागच्या कडेपासून डोळ्याकडे येणारी रेषा पडद्याला किती उंचीवर छेदील? समरूप त्रिकोणांच्या नियमाने उत्तर येते ३० इंच. दुसऱ्या फरशीची मागची कड ४० इंचांवर दिसते, तिसरीची ४५, चौथीची ४८, पाचवीची ५०. म्हणजे चित्रात फरशांच्या पट्ट्यांची रुंदी अनुक्रमे ३०, १०, ५, ३ आणि २ इंच इतकी होत जाते; हजारावी फरशी झाली तरी तिची कड ६० इंचांच्या किंचित खालीच राहते. ६० इंचांवरची रेषा ही क्षितिजरेषा होय. फरशीच्या आत जाणाऱ्या कडा, ज्या जमिनीवर परस्परांना समांतर असून कोठेही मिळत नाहीत, त्या सर्व चित्रात डोळ्यासमोरच्या क्षितिजरेषेवरील एकाच बिंदूकडे धावतात. तो लोपबिंदू.

आल्बेर्तीने आपल्या समकालीनांची एक चूक नोंदविली आहे. कित्येक चित्रकार प्रत्येक मागची पट्टी तिच्या पुढच्या पट्टीच्या दोनतृतीयांश काढीत असत. रीत सोपी, आणि दिसावयास ठीक. वरच्याच उदाहरणात ती लावून पाहा. पहिली पट्टी ३० इंच, दुसरी २०, तिसरी १३ इंचांहून थोडी अधिक. बेरीज ६३ च्या वर जाते, म्हणजे तिसरीच फरशी क्षितिज ओलांडून आकाशात शिरते! खऱ्या हिशेबात लगतच्या पट्ट्यांचे प्रमाण कायम राहत नाही. ते प्रथम एकतृतीयांश, मग निम्मे, मग तीनपंचमांश असे बदलत जाते, आणि कोणत्याही एका ठरीव अपूर्णांकाने हे काम भागत नाही. यावर आल्बेर्तीने दिलेली परीक्षा फारच सुंदर आहे: चित्रातील फरसबंदीवर कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपी रेषा आखावी, ती सर्व चौकटींच्या कोपऱ्यांतून सरळ गेली, तर आखणी खरी. जमिनीवर जी रेषा सरळ आहे ती चित्रातही सरळच उमटते, या एका गोष्टीचा तो उपयोग आहे. लांबी बदलते, कोन बदलतात, समांतरता नष्ट होते. सरळपणा तेवढा टिकतो. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे.

हा हिशेब करणारे चित्रकार गणित कोठे शिकले, हेही पाहण्याजोगे आहे. इटलीच्या व्यापारी शहरांत मुलांना हिशेबाच्या शाळेत घालण्याचा शिरस्ता होता. तेथे नाण्यांचा बट्टा, भागीदारीतील नफ्याची वाटणी, पिंपातील द्रवाचे माप असली उदाहरणे शिकवीत, आणि त्या शिक्षणाचा कणा होता त्रैराशिक. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांनी सांगितलेली, भास्कराचार्यांच्या लीलावतीत विस्ताराने आलेली ही रीत अरबांमार्फत भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचली होती, आणि १२०२ साली पिसाच्या लेओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, आपल्या ग्रंथात भारतीय अंकांबरोबर तिचाही प्रसार केला. फरशी किती इंचांवर दिसेल, हा प्रश्न उघडच त्रैराशिकाचा आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्का हा त्या शतकातील थोर चित्रकार तर स्वतः व्यापारी हिशेबावर एक पुस्तक, पाच नियमित घनाकृतींवर दुसरे आणि चित्रकारांच्या यथादर्शनावर तिसरे, अशी तीन गणिती पुस्तके लिहून गेला. मनुष्याचे मस्तक कोणत्याही कोनातून कसे दिसेल, हे त्याने आडव्या-उभ्या छेदांवर अंक घालून, बिंदूमागून बिंदू, असे काढून दाखविले आहे. त्याचे उर्बिनो येथील ख्रिस्ताच्या ताडनाचे चित्र लहानसेच आहे. परंतु त्यातील फरसबंदी इतकी नेमकी आहे की, १९५३ साली विटकोवर आणि कार्टर या दोघा अभ्यासकांनी चित्रावरून उलटा हिशेब करून त्या काल्पनिक दालनाचा नकाशा पुन्हा आखून दाखविला. मला पिएरोच्या चित्रांतील ती गंभीर स्तब्धता आणि त्याच्या पुस्तकांतील आकडेमोड या एकाच स्वभावाच्या दोन बाजू वाटतात.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. यथादर्शन सापडण्यापूर्वीचे आणि त्यापासून अलिप्त राहिलेले चित्रकार अडाणी होते, असा अर्थ वरील मजकुरातून निघू नये. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा रंगविणाऱ्या कलावंताने तोच राजपुत्र एका भिंतीवर पुनःपुन्हा दाखविला आहे. प्रेक्षकाने भिंतीच्या कडेने चालत कथा पाहावी, एका भोकाला डोळा लावून उभे राहू नये, हे त्याचे गृहीत आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात देहाच्या नऊ स्थानांचे आणि त्या त्या स्थानी अवयवांच्या क्षय-वृद्धीचे विवेचन आहे, त्यावरून पदार्थ वळला असता त्याची मापे आखडतात, याची पक्की जाण आपल्याकडे होती हे उघड होते. ती जाण देहाच्या डौलासाठी राबविली गेली, अवकाश मोजण्यासाठी नव्हे. इटालियन रीत हिंदुस्थानात येऊ लागली ती कोरीव ठशांच्या छापांतून. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री पुढील वर्षाच्या आरंभी फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी रुजू झाले, तेव्हा त्यांनी नजर केलेल्या बहुभाषी बायबलाच्या खंडांत असली चित्रे होती. आणि मोगल चितारींनी त्यांतून दूरची निळसर नगरे व छायाप्रकाश तेवढे उचलून, राजवाड्याची गच्ची मात्र आपल्या जुन्या रीतीने वरूनच दाखविणे पसंत केले. पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, इंग्रज वकील मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्याबरोबर काम करताना गंगाराम तांबट या मराठी कलावंताने वेरूळच्या लेण्यांची जी रेखांकने केली, ती या दोन पद्धतींच्या भेटीचा आपल्या मुलखातील दाखला म्हणून अभ्यासण्याजोगी आहेत.

आल्प्सच्या उत्तरेस ही विद्या नेण्याचे श्रेय मुख्यतः आल्ब्रेख्त ड्यूररला आहे. यथादर्शनाची रहस्ये शिकण्यासाठी १५०६ साली त्याने व्हेनिसहून बोलोन्यापर्यंतचा प्रवास आखला, आणि १५२५ साली न्यूरेंबर्ग येथे मापनशास्त्रावर जर्मन भाषेत ग्रंथ छापून ती कारागिरांसाठी खुली केली. त्या ग्रंथातील एका काष्ठचित्रात ब्रुनेलेस्कीच्या भोकाचा सिद्धांत यंत्ररूपाने अवतरलेला दिसतो. भिंतीत एक कडी रोवली आहे. ती डोळ्याची जागा. तिच्यातून ओवलेल्या दोऱ्याच्या एका टोकाला वजन आहे आणि दुसरे टोक एक मनुष्य मेजावर ठेवलेल्या वीणेसारख्या वाद्याच्या निरनिराळ्या भागांना टेकवीत आहे. मध्ये लाकडी चौकट उभी आहे. दोरा चौकटीतून जेथे जातो तेथे दुसरा मनुष्य दोन आडवेउभे ताणलेले दोरे आणून मिळवितो, मग पहिला दोरा सैल सोडतात, बिजागरीवरचा कागद चौकटीत फिरवून लावतात आणि दोऱ्यांच्या छेदावर ठिपका देतात. असे ठिपके जमवीत गेले की वाद्य कागदावर उमटते, आणि ते काढणाऱ्याला चित्रकला येण्याची गरज उरत नाही. पुढे प्रकाश आणि भिंग यांनी दोऱ्याची जागा घेतली, एवढाच काय तो फरक.

हान्स होल्बाइनने १५३३ साली दोघा राजदूतांच्या चित्रात तळाशी काढलेली विचित्र लांबट आकृती चित्राच्या कडेशी जाऊन तिरप्या नजरेने पाहिली की तिची मानवी कवटी होते. एकाच फळीवर त्याने दोन डोळ्यांच्या जागा ठेविल्या आहेत आणि एका जागेवरून जे सत्य दिसते ते दुसरीवरून दिसत नाही. असल्या प्रयोगांतून विचारी माणसांना एक प्रश्न पडणे स्वाभाविक होते: डोळ्याची जागा बदलली, पडद्याचा कल बदलला, तर आकृती बदलते, मग या सर्व बदलांत न बदलणारे असे काही आहे काय?

हा प्रश्न शुद्ध गणिताचा म्हणून हाती घेणारा पुरुष म्हणजे झिरार देसार्ग. १५९१ साली फ्रान्समधील लीऑन येथे जन्मलेला हा वास्तुकार व अभियंता दगड कापणारे, सूर्यघटिका बनविणारे आणि चित्रकार यांच्या उपयोगाच्या रीती शोधण्यात गढलेला असे; १६३६ मध्ये त्याने यथादर्शनावर बारा पानांची पुस्तिका छापली आणि १६३९ मध्ये शंकुच्छेदांवरील आपल्या मुख्य निबंधाच्या अवघ्या ५० प्रती काढल्या. त्यात त्याने टाकलेले पाऊल धाडसाचे होते. चित्रकार ज्याला लोपबिंदू म्हणत त्यालाच त्याने भूमितीत नागरिकत्वाची सनद दिली: समांतर रेषा अनंत अंतरावरील एका बिंदूत मिळतात असेच धरावे, आणि त्या बिंदूला इतर बिंदूंच्या बरोबरीने वागवावे. असे केले की युक्लिडाच्या ग्रंथातील कित्येक अपवाद नाहीसे होतात, कारण एका पातळीतील कोणत्याही दोन रेषा आता नेमक्या एका बिंदूत मिळतात.

याचे फळ वर्तुळाच्या बाबतीत सर्वांत मनोहर आहे. जमिनीवर एक मोठे वर्तुळ आखले आहे आणि आपण त्याच्याबाहेर उभे राहून समोर पडदा धरला आहे, असे समजा. डोळ्यापासून वर्तुळाकडे जाणाऱ्या रेषांचा शंकू होतो आणि पडद्यावर त्याचा छेद म्हणून लंबवर्तुळ उमटते. पुढे चालत जाऊन नेमके वर्तुळाच्या काठावर, मध्याकडे तोंड करून उभे राहा. पायाखालचा बिंदू पडद्यावर कोठेच उतरू शकत नाही, आणि आकृती खालच्या बाजूने उघडी पडून अन्वस्त बनते. आणखी पुढे, वर्तुळाच्या आत गेलात, तर पडद्यावर अपास्ताची एक शाखा दिसते. प्राचीन ग्रीक गणितज्ञ आपोलोनियसने ज्या तीन वक्रांचा महाप्रयासाने निरनिराळा अभ्यास केला, ती एकाच वर्तुळाची तीन चित्रे आहेत. जो नियम वर्तुळासाठी सिद्ध झाला आणि ज्यात केवळ रेषांचे मिळणे वा न मिळणे एवढाच विषय आहे, तो तिन्हींना आपोआप लागू पडतो. ब्लेझ पास्कालने वयाच्या सोळाव्या वर्षी, १६४० साली, एका पत्रकाच्या रूपाने जो प्रसिद्ध षट्कोनाचा सिद्धांत छापला, तो याच मार्गाने, आणि देसार्गचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले.

न बदलणारे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या फरसबंदीवरही पडताळता येते. चित्रातील पहिल्या चार कडा ३०, ४०, ४५ आणि ४८ इंचांवर होत्या. पहिलीपासून तिसरीचे अंतर १५, दुसरीपासून तिसरीचे ५. त्यांचे गुणोत्तर ३. पहिलीपासून चौथीचे १८, दुसरीपासून चौथीचे ८, गुणोत्तर सव्वादोन. आता ३ ला सव्वादोनने भागले तर चारतृतीयांश येतात. जमिनीवर, जेथे सर्व फरशा सारख्या आहेत, तेथे हीच अंतरे २, १, ३ आणि २ अशी आहेत. तेथेही उत्तर चारतृतीयांशच. लांबी टिकली नाही, लांब्यांचे गुणोत्तरही टिकले नाही, पण गुणोत्तरांचे गुणोत्तर टिकले. डोळा कोठेही ठेवा, पडदा कसाही कलता धरा, ते टिकतेच. अलेक्झांड्रियाच्या पॅपसला ही गोष्ट चौथ्या शतकात माहीत होती. तिचे महत्त्व मात्र चित्रकारांच्या पडद्यामुळे कळले. आज मोबाइलने तिरप्या काढलेल्या दस्तऐवजाच्या छायाचित्राचे चार कोपरे दाखविताच यंत्र तो कागद सरळ आयत करून देते, त्यामागे हेच गणित आहे: सपाट पृष्ठावरील चार बिंदू, ज्यांतील कोणतेही तीन एका रेषेत नाहीत, कोठून कोठे गेले एवढे कळले की उरलेल्या सर्व बिंदूंची जागा ठरून जाते.

देसार्गच्या ग्रंथाचे दैव मात्र फिरले. त्याने नव्या कल्पनांना खोड, फांदी, झाड अशी वनस्पतींची नावे दिली होती आणि वाचणाऱ्याला ती समजणे दुष्कर होते. शिवाय दोनच वर्षांपूर्वी, १६३७ मध्ये, देकार्तची बैजिक भूमिती प्रसिद्ध झाली होती आणि गणितज्ञांचा सारा ओघ तिकडे वळला होता. आब्राहाम बॉस या ताम्रपटावर चित्रे कोरणाऱ्या कलावंताने देसार्गच्या रीती निष्ठेने शिकविल्या, ग्रंथरूपाने छापल्या, आणि त्यापायी पॅरिसच्या शाही कला-अकादमीशी भांडण ओढवून घेतले. १६६१ साली तो तेथून बाहेर पडला. देसार्गच्या त्या ५० प्रती एकामागून एक नाहीशा झाल्या. फिलिप द ला ईर याने १६७९ मध्ये हाताने उतरून घेतलेली नक्कल मिशेल शाल या गणितज्ञाला १८४५ मध्ये सापडली, आणि मूळ छापील प्रत तर १९५० च्या सुमारास पॅरिसच्या ग्रंथालयात मिळाली.

तोपर्यंत ही विद्या दुसऱ्याच वाटेने पुन्हा जन्मास आली होती. नेपोलियनच्या सैन्यातील झां-व्हिक्तोर पोंसले हा तरुण अभियंता अधिकारी १८१२ च्या रशियावरील स्वारीत क्रास्नोईच्या रणांगणावर मृतांत जमा धरला गेला, रशियनांच्या हाती सापडला आणि व्होल्गाकाठच्या सारातोव येथे कैदेत पडला. जवळ एकही पुस्तक नाही, शाळेत शिकलेल्या गणिताचा तपशील विसरलेला. अशा स्थितीत जे आठवेल त्याच्या आधारे त्याने भूमिती मुळापासून रचावयास घेतली, आणि एका आकृतीचे चित्र घेतले असता तिचे कोणते धर्म कायम राहतात, हाच प्रश्न त्याने पायाशी ठेवला. १८१४ मध्ये सुटून आल्यावर त्या वह्यांतून वाढलेला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला, आणि प्रक्षेपीय भूमितीचे एकोणिसावे शतक सुरू झाले.

देसार्गच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत त्याच्या निबंधात नसून बॉसने १६४८ साली छापलेल्या यथादर्शनाच्या ग्रंथाला जोडून आला आहे. तो असा. दोन त्रिकोण आहेत, आणि त्यांचे संगत शिरोबिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा एका बिंदूत मिळतात. तर त्यांच्या संगत बाजू वाढविल्या असता जे तीन छेदबिंदू येतात ते एका सरळ रेषेत असतात. त्रिकोण निरनिराळ्या पातळ्यांत असतील, तर हे ध्यानात येण्यास क्षणही लागत नाही: एकाला पदार्थ समजा, दुसऱ्याला डोळ्यासमोरच्या पडद्यावरील त्याचे चित्र, दोन पातळ्या एका रेषेत छेदतात, आणि संगत बाजू मिळावयाच्या तर त्या याच रेषेवर मिळणार. पण दोन्ही त्रिकोण एकाच कागदावर असतील तर? तेव्हा गणितज्ञ नेमके तेच करतो जे चित्रकार करतो: त्या सपाट आकृतीकडे तो अवकाशातील आकृतीचे चित्र म्हणून पाहतो, एक त्रिकोण कागदाच्या मागे सरकला आहे अशी कल्पना करतो, आणि सिद्धता पुरी होते. या उसन्या खोलीवाचून काम भागेल काय? डाव्हिड हिल्बर्टने १८९९ साली भूमितीच्या पायासंबंधीच्या आपल्या ग्रंथात याचा निर्णय दिला. बिंदू, रेषा, त्यांचा क्रम आणि समांतरता यांविषयीचे पातळीतले नियम सर्व पाळले जातात आणि तरीही देसार्गचा सिद्धांत खोटा ठरतो, अशी एक पातळी त्याने रचून दाखविली. १९०२ मध्ये फॉरेस्ट मोल्टन या अमेरिकन गणितज्ञाने, काही रेषा एक अक्ष ओलांडताना ठरावीक प्रमाणात वाकतात असे मानून, तसलीच पण अधिक सोपी पातळी दिली. ज्या पातळीत तो सिद्धांत खरा ठरतो, तिला आणि फक्त तिलाच, त्रिमित अवकाशाचा भाग होता येते, हेही हिल्बर्टने सिद्ध केले. मोल्टनच्या पातळीवर फरसबंदी आखता येईल, त्रिकोण काढता येतील, समांतर रेषाही काढता येतील; पण ब्रुनेलेस्कीने फळीवर जे केले ते तेथे करता यावयाचे नाही, कारण तिच्यामागे कोणतेही अवकाश उभे करता येत नाही.